लाल चिंधीचा बिल्ला

आलमबागेतल्या रेल्वे क्वार्टरांत शामराव तायड्यांना सगळे ‘खिडकीवाले’ म्हणत. कारखान्यात हत्यारांची एक खोली होती, त्या खोलीला एक खिडकी होती आणि त्या खिडकीच्या आतल्या बाजूला शामराव तीस वर्षं उभे होते. फिटर यायचा, पाना मागायचा. शामराव आधी हात पुढे करायचे. त्या हातावर फिटरने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवायचा. मग शामराव भिंतीवरचा पाना काढून द्यायचे आणि त्याच्या रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला टांगायचे. सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी भिंतीवर एक नजर फिरवली की कुठलं हत्यार कुणाकडे आहे ते कळायचं. हाताखालचा खलाशी असो की साहेब, बिल्ल्याशिवाय त्या खिडकीतून सुईसुद्धा बाहेर गेली नव्हती.

त्यांची मुलगी कांचन हे सगळं ऐकतच मोठी झाली होती. गावाकडे, भुसावळला, मुली भातुकली खेळतात तशी ही लखनौच्या क्वार्टरात बसून बिल्ला-बिल्ला खेळायची. आईने लाटणं मागितलं की हात पुढे करायची. आता ती एकोणीस वर्षांची होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. दादाच्या फटफटीची मेकॅनिक व्हायचं.

दादा म्हणजे धनंजय. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी आणि रविवारी मातीत घसरणं, असा त्याचा आठवडा. त्याच्याकडे एक जुनी जावा होती. तिचा पुढचा दिवा काढलेला, मडगार्ड वर उचललेलं, टायरच्या रबराला चाकूने खाचा पाडलेल्या. शहराबाहेर चिनहटच्या पुढे, विटांसाठी माती काढून काढून जिथे खड्डे आणि उंचवटे झाले होते, तिथे दर फेब्रुवारीत शर्यत होई. गेल्या शर्यतीत, म्हणजे १९८५च्या फेब्रुवारीत, धनंजय दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. मग प्लग काळा पडला आणि गाडी बंद पडली. प्लग बदलायला दोन मिनिटं लागतात. पण प्लग पाना कुठे होता? घरी, खिडकीच्या कट्ट्यावर, कालच्या चहाच्या कपाशेजारी. त्याचा मेकॅनिक मुन्ने उस्ताद दुसऱ्यांकडे पाना मागत फिरला, आणि तेवढ्यात बाकीचे पोचलेसुद्धा.

म्हणून त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, धनंजय शर्यतीचा फॉर्म भरत बसला असताना कांचन म्हणाली, “दादा, या वेळी हत्यारांची पेटी मी बनवते. आणि ट्रॅकवरही मीच येते. मेकॅनिकच्या रकान्यात माझं नाव लिही.”

धनंजय हसला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायची. “अरे वाह! वहाँ धूल है, गाली-गलौज है, सौ लड़के हैं. तू क्या करेगी?”

“प्लग पाना विसरणार नाही.”

हे त्याला बरोबर लागलं. त्याने पेन टेकवलं, उचललं आणि तो रकाना कोराच ठेवला. “चल, देखते हैं. पहले पेटी दिखा. एक भी चीज़ कम पड़ी, तो मुन्ने का नाम लिख दूँगा.”

शामराव कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत होते.  ते पान उलटायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी कांचनने बाजारातून एक पत्र्याची ट्रंक आणली आणि घरातलं असेल नसेल ते तिच्यात भरलं. लहान-मोठे सगळे पाने, दोन हातोड्या, कानशी, छिन्नी, पक्कड, तेलाचे डबे, आणि कळस म्हणजे वस्तू आवळून धरायचा शामरावांचा लोखंडी शेगडा. ट्रंक उचलायला गेली तर ती जागची हलेना. धनंजयने एक कडी धरली, दुसरी तिने, आणि दोघं ओसरीपर्यंत जाऊन धापा टाकत बसले.

“रेल का इंजन खोलना है क्या?” धनंजय म्हणाला. “खानदानी बीमारी है यह. इन रेलवे वालों को पेंसिल भी दो, तो लोहे की बनाएँगे!”

कांचन हिरमुसली. संध्याकाळी शामराव ट्रंकेजवळ येऊन बसले. त्यांनी शेगडा बाहेर काढून बाजूला ठेवला, पण बाकी कशालाही हात लावला नाही.

“किती हत्यारं आहेत यात?”

“एकसष्ट.”

“त्यातली रोज लागतात किती?”

कांचन बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

“मग ती ट्रंकेला कशी कळणार?” असं म्हणून त्यांनी खिशातून खडूचा एक तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. “घाई नको. आधी सगळी भिंतीवर टांग. हत्यार वापरलंस की त्याच्याखाली एक रेघ ओढ. महिन्याने भिंतच तुला सांगेल.”

मग ओसरीच्या भिंतीवर एक मोठी फळी ठोकली गेली. विहाराच्या कठड्याला जयंतीसाठी रंग दिला होता, त्यातला निळा रंग थोडा उरला होता. तो कांचनने फळीला दिला. सुकल्यावर एकेक हत्यार फळीवर ठेवून त्याच्या कडेने पांढरी रेघ फिरवली. आता हत्यार काढलं तरी त्याची आकृती फळीवर राहायची. आणि प्रत्येक आकृतीत एक खिळा. बिल्ले तिने तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून कापले. स्वतःचे गोल, धनंजयचे चौकोनी, म्हणजे हत्यार कुणी नेलं ते लांबूनही ओळखू यावं. शामरावांनी एकच अट घातली होती, “कारखान्यातला एक वायसरसुद्धा या घरात यायचा नाही.” ती अट सांगायचीही गरज नव्हती.

धनंजयला आधी हा सगळा पोरखेळ वाटला. आठ दिवसांनी तो पक्कड घेऊन गेला, फळीवर चौकोनी बिल्ला टांगायचा विसरला, आणि जेवायला बसला तर ताटात भाजी नाही.

“सब्जी?”

“बिल्ला?” कांचनने विचारलं.

आई, म्हणजे सुभद्राबाई, पदराआड हसल्या. त्या रेल्वेच्याच दवाखान्यात नर्स होत्या आणि घरात कुणाच्याही भांडणात पडायचं नाही असं त्यांचं धोरण होतं. धनंजय मुकाट्याने उठला, बिल्ला टांगून आला, आणि मग त्याला भाजी मिळाली. त्यानंतर तो कधी विसरला नाही.

महिनाभर दर रविवारी फटफटी मातीत जायची आणि दर रविवारी संध्याकाळी ओसरीत उघडली जायची. चेन धुवायची, तेल द्यायचं. चाकांचे आरे वाजवून बघायचे, ढिला आरा बद्द आवाज देतो. हवेच्या गाळणीतली माती पेट्रोलने धुऊन काढायची, तिला तेलाचा हात फिरवायचा आणि परत बसवायची. हे शेवटचं काम कांचनला सगळ्यांत महत्त्वाचं वाटे. इंजिन श्वास घेतं ते त्या गाळणीतून. चिनहटची माती मैद्यासारखी बारीक. ती आत गेली तर इंजिनाचं आयुष्य संपलं. म्हणून गाळणी काढली की कांचन लगेच त्या उघड्या तोंडात एक चिंधी कोंबायची आणि गाळणी परत बसवायच्या आधी ती काढायची.

महिना संपला. फळीवरच्या रेघा तिने मोजल्या. दहा-अकराच्या पान्याखाली रेघांचं जंगल झालं होतं. प्लग पान्याखाली बावीस, पक्कडीखाली त्याच्या आसपास. कानशीखाली दोन. मोठी हातोडी कोरी. ज्यांच्याखाली रेघा दाट, ती ट्रॅकवरच्या छोट्या पेटीत, बाकीची घरच्या फळीवर. किती सोपं!

तिने यादी शामरावांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली.

“चेन तुटली तर लागते ती जोडकडी नाही यात.”

“तिच्याखाली एकही रेघ नाही, बाबा.”

“नसेलच. तिच्याखाली ज्या दिवशी रेघ पडेल, त्या दिवशी बाकीची सगळी पेटी असून नसल्यासारखी. काही हत्यारं रोज लागतात म्हणून न्यायची, आणि काही एकदाच लागतात म्हणून न्यायची.”

कांचनने जोडकडी लिहिली. विचार करून क्लचची एक जादा तारही लिहिली. शामराव मान हलवून उठले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. एवढी शाबासकी धनंजयला पदवी मिळाली तेव्हाही मिळाली नव्हती.

छोटी पेटी तिने पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांची केली. झाकण आतून निळं, त्यावर पांढऱ्या आकृत्या, आकृत्यांत छोटे खिळे. एका हाताने उचलता येईल एवढंच वजन. सगळ्यात शेवटी तिने आईच्या जुन्या लाल परकराच्या चार चिंध्या फाडल्या, घड्या घातल्या, झाकणाच्या कोपऱ्यात चार चौकोन रंगवले आणि त्यांनाही खिळे ठोकले.

शामराव बघतच राहिले. “हे काय?”

“चिंध्यांची जागा.”

“चिंधीला बिल्ला?” ते खो खो हसले. “अगं, आमच्याकडे पुसायचा बोळा वजनावर देतात. तीस वर्षांत चिंधीला बिल्ला ऐकला नाही मी.”

सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. सुपावरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, “आमच्याकडे ऐका मग. ऑपरेशनच्या आधी कापडाचे तुकडे मोजतात. टाके घालायच्या आधी परत मोजतात. आकडा जुळला नाही तर मोठ्या डॉक्टरांचाही हात तिथेच थांबतो. पाना पोटात राहत नाही हो कुणाच्या. राहतं ते कापड.”



“चिंधी आत जाते ना, बाबा,” कांचन हळूच म्हणाली. “पाना बाहेरच असतो.”

शामरावांनी त्या चार लाल घड्यांकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. “ठोक खिळे,” ते म्हणाले. “खिडकी तुझी आहे.”

शर्यतीच्या दिवशी चिनहटला टेम्पोने पोचेस्तोवर ऊन वर आलं होतं. वीटभट्टीच्या धुराड्याखाली शामियाना, कर्ण्यावरून घोषणा, आणि दोरीपलीकडे खस्ता कचोऱ्या खात उभी असलेली गर्दी. शामराव पांढरा सदरा घालून दोरीच्या बाहेर उभे राहिले. कांचनने ओढणी कमरेला बांधली आणि ती दोरीच्या आत गेली. कुणीतरी शीळ घातली. मुन्ने उस्ताद या वेळी दुसऱ्या एका गाडीवर काम करत होता. त्याने पेटी पाहिली आणि डोळे मोठे केले.

“अरे बिटिया, यह तो दुल्हन का सिंगारदान है!”

“हो, उस्ताद. आपको कुछ चाहिए हो तो बिल्ला लेकर आइए.”

आजूबाजूचे हसले, मुन्नेही हसला. पहिल्या फेरीनंतर खरोखरच त्याला सतराचा पाना लागला, आणि बिल्ला नाही म्हणून त्याने कांचनच्या हातावर आपली टोपी ठेवली. तिने ती गंभीरपणे त्या खिळ्यावर टांगली.

दोन फेऱ्या झाल्या. दोन्हींत धनंजय पुढच्या चौघांत. अंतिम फेरीला पंधरा मिनिटं उरली होती. गाडी आली ती मातीने लिंपलेली. कांचनने गाळणी काढली, उघड्या तोंडात लाल चिंधी कोंबली, झाकणावर गोल बिल्ला टांगला आणि गाळणी धुवायला घेतली. ती तेलाचा हात फिरवून होते न होते तोच धनंजय ओरडला, “क्लच का तार! एक धागे पर है!” ती तिकडे धावली. जादा तार होतीच. तिने जुनी काढली, नवी ओवली, ताण बघितला. तोवर हात रिकामे होते म्हणून धनंजयने गाळणी उचलली, बसवली आणि वरचा स्क्रू घट्ट केला. त्याला वाटलं, बहिणीचं काम हलकं केलं.

शिट्टी वाजली. गाड्या रेषेवर यायला लागल्या. धनंजयने शिरस्त्राण चढवलं, गाडीवर मांड टाकली.

कांचन पेटी मिटायला वळली. सवयीने झाकणावर नजर फिरवली. पक्कड, आहे. प्लग पाना, आहे. दहा-अकरा, आहे. कोपऱ्यात तीन लाल घड्या आणि चौथ्या चौकोनात एक गोल बिल्ला.

गोल. म्हणजे तिचाच.

तिने कमरेला चाचपलं. पेटीखाली पाहिलं, मातीत पाहिलं. धनंजयने किकवर पाय ठेवला होता.

“दादा, थांब! किक मारू नकोस.”

“क्या हुआ?”

“एक चिंधी कमी आहे.”

धनंजयला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “चिंधी? पागल है? सब लाइन पर पहुँच गए! मेरी शर्ट फाड़ के दे दूँगा, चार बना लेना. हट!”

“ती कुठे आहे ते कळल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.” तिने दोन्ही हातांनी किकचा दांडा धरला.  चिंधी वाऱ्याने उडून गेली असेल तर? तर आज अख्ख्या चिनहटसमोर तिचं हसं होणार होतं. दादाची शर्यत तिच्यामुळे जाणार होती, आणि फॉर्मवरचा तो रकाना जन्मभर कोरा राहणार होता.

मुन्ने पलीकडून म्हणाला, “बिटिया, एक चीथड़े के लिए रेस छोड़ोगी?”

धनंजयने दोरीपलीकडे पाहिलं. “बाबा! समझाइए इसको!”

शामराव दोरीला टेकून उभे होते. त्यांचे हात पाठीमागे बांधलेले होते आणि ते त्यांनी मुद्दाम तिथेच ठेवले. “खिडकीवर ती आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “तिला विचार.”

कांचनने एकदा डोळे मिटले. चिंधी शेवटची कुठे होती? हातात. हातातून कुठे गेली? आणि गाळणी... गाळणी कुणी बसवली?

तिने झटकन पेचकस घेतला. वरचा स्क्रू सैल केला, गाळणी ओढली. आत, इंजिनाच्या श्वासाच्या वाटेवर, घाईत दिसणार नाही इतकं खोल, लाल कापड घट्ट बसलेलं होतं.

तिने ते दोन बोटांनी ओढून बाहेर काढलं आणि धनंजयच्या तोंडासमोर धरलं.  शिरस्त्राणातून त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते कापडावरून तिच्याकडे, तिच्याकडून कापडाकडे जात होते. मुन्ने उस्तादने कान पकडले. “या अल्लाह. लाइन पर पहुँचते ही दम घुट जाता. और हम सब प्लग बदलते रहते.”

गाळणी बसली, स्क्रू आवळला गेला, चिंधी चौकोनात गेली, बिल्ला निघाला. मग तिने दांडा सोडला. “आता मार.”

पहिल्याच किकला गाडी बोलली. धनंजय रेषेवर सगळ्यांत शेवटी पोचला, पण पोचला. पुढच्या सहा चकरा कांचनने नीट पाहिल्याच नाहीत. ती कानाने शर्यत ऐकत होती. चढावर इंजिन अडखळतं का, उतारावर चेन वाजते का? काही अडखळलं नाही, काही वाजलं नाही. शेवटच्या वळणावर तो दुसरा होता आणि दुसराच राहिला.

गाडी लावून तो बहिणीकडे आला नाही. तो तडक शामियान्यात गेला. तिथल्या टेबलावरून त्याने आपला फॉर्म मागून घेतला, पेन मागून घेतलं आणि वाकून काहीतरी लिहिलं. थोड्या वेळाने कर्ण्यावरून आवाज आला, “दूसरा स्थान, धनंजय तायडे! और इनकी मैकेनिक, कुमारी कांचन शामराव तायडे!” सकाळी ज्या कोपऱ्यातून शीळ आली होती, तिथूनही टाळ्या आल्या.

दोरीपलीकडे शामरावांनी शेजारच्या अनोळखी माणसाला हाताने हलवलं. “शामराव तायडे, मीच,” असं ते त्याला सांगत होते. त्या माणसाने विचारलं, “लड़का आपका है?” तर म्हणाले, “लड़का भी.”

दुसऱ्या दिवशी कांचनने चारही चिंध्यांना हातभर लांबीची लाल शेपटी शिवली. आता चिंधी आत राहिली तरी शेपटी बाहेर लोंबेल आणि गाळणी बसणारच नाही. शामरावांनी ते पाहिलं आणि कारखान्यात जाऊन दोघा फोरमनना चहाच्या वेळी सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन सुभद्राबाईंना म्हणाले, “तिसऱ्यालाही सांगितलं असतं, पण तो रजेवर आहे.”

पुढच्या रविवारी स्वयंपाकघराचा नळ गळत होता. शामराव ओसरीत आले आणि फळीवरच्या पक्कडीला हात घातला.

“बाबा,” मागून आवाज आला. कांचन हात पुढे करून उभी होती. “बिल्ला?”

शामरावांनी सदऱ्याचे खिसे चाचपले. तीस वर्षं दुसऱ्यांचे बिल्ले टांगणाऱ्या माणसाकडे स्वतःचा बिल्ला नव्हता. “अगं, मी... घरातलाच नळ आहे.”

“साहेब असो की खलाशी,” कांचन म्हणाली.

“ऐकलंत का?” शामराव आत बघून ओरडले. आवाज तक्रारीचा होता, पण चेहरा मुळीच तसा नव्हता. “तुमची लेक मला पक्कड देत नाही!”

“मग बिल्ला करा की,” आतून सुभद्राबाईंचं उत्तर आलं. “आणि लवकर करा, भांडी ओली होतायत.”

शामरावांनी तुपाच्या डब्याचा उरलेला पत्रा शोधला, चष्मा लावला आणि पायरीवर बसले. पत्रा कापायला कात्री हवी होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. कात्री फळीवर होती, आपल्या पांढऱ्या आकृतीत, जागच्या जागी, आणि तिच्याशेजारी कांचन, हात पुढे करून.